स्टार ट्रेकचा १९६७चा गोल्ड की अंक: हिरवे शर्ट, इंजिनातून ज्वाळा. हा नकली आहे का?

गोदाकाठचा_वाचक

नाशिकमध्येच जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या गठ्ठ्यात मिळालेल्या एका कॉमिकबद्दल विचारायचं आहे. कव्हरवर गोल्ड की या अमेरिकन प्रकाशनाचं किल्लीचं चिन्ह, मोठ्या अक्षरांत स्टार ट्रेक या टीव्ही मालिकेचं नाव, खाली तिच्यातली रंगीत छायाचित्रं, किंमत १२ सेंट. वरून सगळं ठीक दिसतं. शंका येते ती आतल्या चित्रांवरून.

मालिकेत कॅप्टन कर्कचा शर्ट पिवळसर, त्याचा सहकारी स्पॉकचा निळा, इंजिनीअर मंडळींचा लाल. इथे सरसकट सगळ्यांचे शर्ट हिरवे. त्यांच्या एंटरप्राइझ या यानाच्या मागच्या दोन लांब नळकांड्यांतून रॉकेटसारख्या ज्वाळा निघतात. पडद्यावर असं कधीच दिसत नाही. ग्रहावर उतरताना सगळ्यांच्या पाठीवर ट्रेकिंगला निघाल्यासारख्या पिशव्या. आणि शेवटी स्पॉक कक्षेतून एका अख्ख्या ग्रहावरची वनस्पतीसृष्टी जाळून टाकायला लावतो! दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात ही मालिका पाहिलेल्या माणसाला तो स्पॉक ओळखूच येणार नाही. शिवाय त्या काळच्या अमेरिकन कॉमिक्सवर कॉमिक्स कोडचा (प्रकाशकांनी मजकुरावर स्वतःच घालून घेतलेल्या नियमांचा) जो चौकोनी शिक्का असतो, तो या कव्हरवर कुठेच नाही.

दोन प्रश्न. हा अस्सल पहिला अंक आहे, पुढचं पुनर्मुद्रण आहे की कुणीतरी घरी छापलेली प्रत, हे कसं ठरवायचं? आणि अस्सल असेल तर सांभाळायचा कसा? दोन्ही पिना गंजल्यात, खालचा कोपरा कशाने तरी खरवडून खाल्लाय, पानांना कुबट वास आहे. मृग पंधरा दिवसांवर आलाय.

जुनी_पानं

नकली म्हणायची घाई करू नका. तुम्ही सांगितलेली एकेक चूक त्या अंकाच्या बाजूनेच साक्ष देते.

मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ला सुरू झाली. वेस्टर्न पब्लिशिंगने आपल्या गोल्ड की या छापाखाली पहिला अंक काढला तो जुलै १९६७चा. कथा डिक वूडची, चित्रं नेव्हिओ झेकारा या इटालियन चित्रकाराची. तिसऱ्या अंकापासून अल्बर्टो जिओलिटी आला, त्याचा स्टुडिओ रोममध्ये होता. इटलीत तेव्हा ही मालिका दाखवलीच जात नव्हती. चित्रकारांपुढे होती ती प्रसिद्धीसाठी काढलेली छायाचित्रं. आता छायाचित्रात यानाचा आकार दिसतो, पण ते चालताना कसं दिसतं हे कुठून कळणार? मागे दोन नळकांडी आहेत म्हणजे त्यातून आग निघत असणार, असा साधा हिशोब. अनोळखी ग्रहावर उतरणाऱ्या माणसाच्या पाठीवर सामान हवं, हाही त्या काळच्या अंतराळकथांचा रिवाजच होता. माझ्या मते सुरुवातीचे अंक वाचायचे ते एवढ्यासाठीच. मालिका न पाहिलेल्या, पण हात अतिशय तयार असलेल्या चित्रकाराने नुसत्या फोटोंवरून उभं केलेलं ते एक वेगळंच अंतराळ आहे. जिओलिटीची खडकाळ ग्रहांची निसर्गचित्रं मालिकेच्या स्टुडिओतल्या थर्माकोली दगडांपेक्षा कितीतरी भरीव आहेत.

तुम्ही सांगितलेली कथा पहिल्याच अंकाची. केली ग्रीन नावाचा ग्रह, तिथल्या मांसभक्षक वनस्पती, आणि बीजाणू अंगावर पडले की माणसाचं झाड होतं. शेवटी सगळ्या वनस्पती नष्ट करणं हे मालिकेच्या स्वभावाला अजिबात धरून नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि जगभरचे वाचक त्या शेवटावर बोट ठेवतात. पण छापलं गेलं ते तसंच.

कोडचा शिक्का नसणं हीही योग्यच गोष्ट. वेस्टर्नने कॉमिक्स कोड कधी स्वीकारलाच नाही, त्यांच्या कुठल्याच अंकावर तो शिक्का नसतो. उलट गोल्ड कीच्या अंकावर शिक्का दिसला असता तर मी सावध झालो असतो.

आता तपासणी. कव्हरवर बारीक आकड्यांत एक क्रमांक शोधा. पहिल्या अंकाचा १०२१०-७०७ असा आहे. शेवटच्या तीन आकड्यांत पहिला म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक आणि पुढचे दोन म्हणजे महिना: ७ आणि ०७, म्हणजे १९६७, जुलै. गोल्ड कीचा कुठलाही अंक हाती आला की हेच गणित चालतं, फक्त दशक तुम्हाला किमतीवरून ठरवावं लागतं, कारण ७ हा आकडा १९६७चाही असतो आणि १९७७चाही. मग आतली बारीक टायपातली प्रकाशनाची ओळ वाचा. पहिल्या अंकात मालिकेचा हक्क देसिलू प्रॉडक्शन्सच्या नावावर आहे. १९६७मध्ये देसिलू विकली गेली आणि मालिका पॅरामाउंटकडे गेली, त्यामुळे पुढच्या काळातल्या अंकांत पॅरामाउंटचं नाव येतं.

हे महत्त्वाचं अशासाठी की हीच कथा १९७५मध्ये २९व्या अंकात पुन्हा छापली गेली. चित्रं तीच, ज्वाळा त्याच, शर्ट तेच. नुसती आतली पानं पाहून दोन्ही वेगळे काढता येणार नाहीत. त्या अंकाची किंमत २५ सेंट आणि ओळीत पॅरामाउंट. कव्हर गेलेली प्रत हाती येते तेव्हा माणसं नेमकी इथेच फसतात: कथा पहिल्या अंकाची म्हणून अंकही पहिला, असं धरून चालतात. ३५, ३७ आणि ४५ हे अंकही असेच जुन्या कथांचे आहेत.

आणखी दोन गल्लती होतात. ब्रिटनमधून आलेली पुठ्ठ्याच्या बांधणीची वार्षिकं आपल्याकडच्या जुन्या बाजारात दिसतात. त्यातही गोल्ड कीच्याच कथा आहेत, पण ती वेगळी चीज. आणि सत्तरच्या दशकातल्या काही प्रतींवर किल्लीऐवजी व्हिटमनचं नाव असतं. ते नकली नव्हेत. वेस्टर्नच त्या प्रती प्लास्टिकच्या पाकिटात तीन-तीन घालून खेळण्यांच्या दुकानांत विकायची.

अंक निघायचेही किती सावकाश! दुसरा अंक जून १९६८चा, चौथा जून १९६९चा. ३ जून १९६९ला मालिकेचा ७९वा, शेवटचा भाग दाखवला गेला, तोवर कॉमिकचे जेमतेम चार अंक झाले होते. पण पडद्यावरची मालिका गेली तरी कॉमिक पुढे दहा वर्षं टिकलं, मार्च १९७९च्या ६१व्या अंकापर्यंत. नवव्या अंकापासून लेन वाइन लिहू लागला तेव्हा कथा मालिकेच्या जवळ आल्या. पहिल्या नऊ अंकांना छायाचित्रांची कव्हरं, दहाव्यापासून जॉर्ज विल्सनची रंगवलेली. चांगली कथा हवी असेल तर दहाव्याच्या पुढचे शोधा; पण जपायचा म्हणून जपायचा असेल तर तुमच्या हातातला.

गोदाकाठचा_वाचक

मनापासून आभार. क्रमांक १०२१०-७०७ आहे, किंमत १२ सेंट, ओळीत देसिलू आणि १९६७. म्हणजे २९वा अंक नाही हे पक्कं. पण हे सगळं स्कॅन करून जसंच्या तसं छापता येतंच की. कागदावरून आणि शाईवरून ओळखायची काही रीत आहे का?

खिळेजुळणी

आहे, आणि त्याला दहापटीच्या भिंगापलीकडे फार काही लागत नाही. सराफ बाजारात किंवा घड्याळवाल्याकडे जे डोळ्याला लावायचं भिंग असतं, तेच. नाशिकरोडला तिकिटं छापणारी प्रेस १९२५पासून आहे, त्यामुळे आपल्याकडे तिकिटं जमवणाऱ्यांच्या खिशात हे भिंग असतंच. त्यांच्याकडून घेतलंत तरी चालेल.

आधी तो हिरवा शर्टच भिंगाखाली घ्या. जुन्या अमेरिकन कॉमिक्समध्ये हिरवी शाई नसायची. पिवळा, निळा, किरमिजी आणि काळा एवढ्या चारच शाया. पहिल्या तिन्ही रंगांच्या ठरावीक छटा: अजिबात नाही, पाव, निम्मा आणि पूर्ण. तीन रंगांच्या प्रत्येकी चार छटा, म्हणजे ४ गुणिले ४ गुणिले ४, असे ६४ रंग तयार व्हायचे. त्यामुळे अस्सल पानावर हिरव्या भागात पिवळा सलग थर आणि त्यावर ओळीने मांडलेले निळे ठिपके वेगवेगळे दिसतील, किंवा दोन्ही रंग सलग एकमेकांवर चढलेले दिसतील. ठिपके मोठे, एकसारखे आणि ठरावीक कोनात ओळीने असतात. घरच्या इंकजेटचे ठिपके बारीक आणि कशाही विखुरलेले, रांगोळी सांडल्यासारखे. लेसर प्रिंटरचे ठिपके ओळीत असतात, पण खूपच बारीक, आणि शाई कागदात मुरलेली नसते. पान तिरपं धरून उजेडात पाहिलं तर काळा भाग किंचित चकाकतो.

दुसरी जागा म्हणजे बोलण्याचे फुगे. माझ्या मते सगळ्यात खात्रीची खूण हीच. अस्सल प्रतीत फुग्याच्या आत नुसता कागद असतो. कागद पिवळा पडलेला असेल, पण तिथे शाई नसते, भिंगातून फक्त तंतू दिसतात. स्कॅन करून छापलेल्या प्रतीत मशीनने जुन्या कागदाचा पिवळेपणाही चित्र म्हणून घेतलेला असतो. मग फुग्याच्या आत फिकट पिवळे-तपकिरी ठिपके सापडतात. स्कॅन करणाऱ्याने पांढरा भाग साफ केला असेल तर मग काळ्या अक्षरांच्या कडा बघा. अस्सलमध्ये अक्षर एकाच काळ्या शाईचं, कड सलग. स्कॅनमध्ये कडेला रंगीत झालर किंवा जिन्यासारख्या पायऱ्या.

रंग रेषेबाहेर अर्धा मिलिमीटर सरकलेला दिसला तर घाबरू नका. त्या काळच्या भरधाव छपाईत ते चालायचंच.

तिसरी तपासणी नोटा बघायच्या जांभळ्या दिव्याने. शक्यतो ३६५ नॅनोमीटरचा घ्या. स्वस्त टॉर्च ३९५चे असतात, त्यांचा स्वतःचा जांभळा उजेडच इतका असतो की फरक नीट कळत नाही. अंधाऱ्या खोलीत आतलं पान धरा. आजचा झेरॉक्सचा कागद निळसर पांढरा झगमगतो, कारण त्यात चकाकी आणणारी रसायनं असतात. १९६७चा न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा स्वस्त कागद, मंद, मळकट दिसतो. ही तपासणी कव्हरवर करू नका. कव्हरचा कागद वेगळा आणि गुळगुळीत असतो, आणि तसली रसायनं त्या काळीही काही कागदांत वापरली जायची; उत्तर फसवं येऊ शकतं. दिवा पानावर काही सेकंदच ठेवा. त्या उजेडाने न्यूजप्रिंट आणखी पिवळा पडतो.

पिवळेपणा कुठे किती आहे तेही बघा. न्यूजप्रिंटमध्ये लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं. हवा आणि उजेड लागला की ते तपकिरी होतं आणि कागदात आम्ल तयार होतं. म्हणून बाहेरची कड जास्त तपकिरी, पिनांकडे जाल तसा कागद उजळ. पान कडेपासून मध्यापर्यंत एकसारखं तपकिरी असेल तर कागद मुद्दाम जुना केलेला असण्याची शक्यता धरा.

शेवटी पानं मोजा. कव्हर सोडून ३२ पानं हवीत, म्हणजे दुमडलेले आठ कागद, आणि मधली जोडी पिनांपाशी उघडली की दोन्ही बाजूंना सोळा-सोळा. मधला कागद एकटा निसटून हरवणं हा जुन्या कॉमिकचा नेहमीचा रोग. कथा अधूनमधून तुटल्यासारखी वाटत नाही ना, हे वाचूनच बघावं लागतं. जाहिरातीची कूपनं पोरं कापून घ्यायची, त्यामागे कथेचं पान असलं तर तेही जातं.

सिडको_सेक्टर

अस्सल ठरला तर सरळ प्रत्येक पान लॅमिनेट करून घ्यावं. पाणी नाही, कसर नाही, चिंताच नाही. नाहीतर कपाटात डांबरगोळ्या टाकून ठेवा. घरोघरी हेच करतात.

कोरडी_हवा

लॅमिनेशन कृपा करून नको. त्यात गरम रोलरने चिकट थर कागदाच्या तंतूंत कायमचा बसतो, तो परत काढता येत नाही. कागदातलं आम्ल आतल्या आत कोंडतं आणि पान आतूनच ठिसूळ होत जातं. शिवाय त्यासाठी पिना काढून पानं सुटी करावी लागणार. तिथेच अंक संपला. कागदपत्रांसाठी घरोघरी लॅमिनेशन होतं हे खरं, पण ज्या कागदाच्या शंभर प्रती पुन्हा काढता येतात त्याला लावायचा तो उपाय आहे.

डांबरगोळ्यांची वाफ बंद जागेत थंडावली की वस्तूंवर परत बारीक स्फटिक धरते, काही प्लास्टिक त्याने मऊ पडतं, आणि वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही. कसरीसाठी आपल्याकडे पोथ्यांना वेखंड लावायची चाल आहे, ती चांगली. पण वेखंडाची पूड सुती पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवायची, अंकाच्या पिशवीत नाही. कडुनिंबाचा ओला पाला तर मुळीच नको, त्याच्याबरोबर ओल येते आणि कागदावर डाग पडतो.

आता क्रमाने. आधी कोपरा कुणी खाल्ला ते ओळखा. कागदाचा वरचा थर वेडावाकडा खरवडून पातळ झाला असेल तर कसर. सोबत काळे दाणे आणि तपकिरी ओघळ असतील तर झुरळ. मातीचा कण दिसला तर वाळवी, आणि मग त्या गठ्ठ्यातली बाकीची पुस्तकंही घराबाहेर काढा. मोहरीपेक्षा बारीक, फिकट, चालणारे किडे दिसले तर त्या पुस्तकातल्या उवा; त्या दिसल्या की समजायचं ओल आहे. अंक पांढऱ्या कागदावर आडवा ठेवून प्रत्येक पान रुंद, मऊ, कोरड्या ब्रशने पिनांकडून बाहेर झटका. जिवंत काही निघालं तरच पुढचा उपाय करायचा: अंक पुठ्ठ्यासकट एका जाड पॉलिथिनच्या झिप पिशवीत, हवा दाबून काढून, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही. लोक नेमके इथे चुकतात: थंड अंक लगेच उघडला की हवेतली वाफ कागदावर पाणी होऊन बसते, आणि कसर मारायला जाऊन बुरशी पदरात पडते.

कुबट वास आहे पण पांढरा-हिरवा केसाळ थर नाही, तर उपाय सोपा. उन्हात ठेवायचा नाही. लिग्निनसाठी ऊन म्हणजे विष. सावलीतल्या कोरड्या खोलीत, पंख्याचा झोत थेट येणार नाही असा, चार-पाच दिवस उभा करून पानं सैल ठेवा. केसाळ थर असेल तर एन-९५ मास्क लावून गॅलरीत, वाऱ्याची दिशा बघून, ब्रशने झटका आणि तो ब्रश पुन्हा दुसऱ्या पुस्तकाला लावू नका.

वेळेचं म्हणाल तर तुमची वेळ बरी आहे. कागद हवेतली ओल पितो आणि सोडतो. तुम्ही ज्या दिवशी अंक पिशवीत घालता, त्या दिवशीची हवाच आत बंद होते. जुलैतल्या संध्याकाळी पॅक केलेला अंक म्हणजे पाऊस पाकिटात भरून ठेवलेला. आपल्याकडे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी सुकते की न्यूजप्रिंट घडीवर तडकतो, म्हणून तेव्हा पान उलटताना कोपऱ्याला धरून ओढायचं नाही, मधोमध तळहाताचा आधार द्यायचा. मे अखेर सकाळी दहाच्या सुमारास केलंत तरी चालेल. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत हवी. ६५च्या वर काही दिवस राहिली की बुरशीला जाग येते.

त्यासाठी छोटा डिजिटल आर्द्रतामापक घ्या, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. स्वस्त यंत्रं पाच-सात टक्के सहज चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच थेंब पाणी घाला, झाकण आणि मापक एका झिप पिशवीत बंद करून दहा-बारा तास ठेवा. आत बरोबर ७५ टक्के व्हायला हवेत. यंत्र ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक आकड्यात ५ मिळवायचे. मिठाचं पाणी यंत्राला लागू देऊ नका, नाहीतर ते कायमचं बिघडतं.

पिशवीचं माप. साठच्या दशकातला अंक साधारण ७ इंच रुंद आणि सव्वादहा इंच उंच. त्याला सव्वासात नाही, ७ पूर्णांक १/८ गुणिले साडेदहा इंचांची पिशवी लागते. विकणारे तिला सिल्व्हर एज म्हणतात. आजच्या कॉमिकची पिशवी ६ पूर्णांक ७/८ची असते. तीत अंक जातो, पण कणा दबतो आणि कोपरे दुमडतात. ७ पूर्णांक ५/८ची घेतलीत तर अंक आत घसरत राहतो. आधी पोलादी पट्टीने अंकाची रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. कणा फिरलेला असेल तर तिन्ही आकडे वेगळे येतात, तेव्हा सगळ्यात मोठा धरा.

पिशवीचं प्लास्टिक मायलर, म्हणजे पॉलिस्टर असेल तर उत्तम. दोन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडी एका अंकाला पुरते. ते न मिळाल्यास बीओपीपी, म्हणजे शर्ट-साडीच्या पॅकिंगला वापरतात ती खळखळ वाजणारी पारदर्शक पिशवी, जिला चिकटपट्टी नाही अशी. ती पाचेक वर्षांनी बदलायची. मऊ, वास येणारे डॉक्युमेंट फोल्डर मात्र पीव्हीसीचे असतात. त्यातलं तेलकट द्रव्य बाहेर येतं आणि छपाईची शाई प्लास्टिकला चिकटून निघून येते. शंका असेल तर तांब्याची तार चिमट्यात धरून गॅसवर लाल करा, प्लास्टिकच्या तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. खिडकी उघडी ठेवून करा, धूर वाईट असतो.

पाठीमागचा पुठ्ठा आम्लविरहित हवा. बांधणीचा करडा पुठ्ठा आम्लधर्मी असतो, दोन-तीन वर्षांत मागच्या कव्हरवर तपकिरी सावली उमटते. खात्रीसाठी पीएच पेन मिळतं, रेघ जांभळी राहिली तर ठीक, पिवळी झाली तर नको. हळदीच्या पाण्याने तपासा असं कुणी सांगेल. हळद पीएच ८च्या वर गेल्याशिवाय रंग बदलत नाही, म्हणून आम्ल असलेला आणि नसलेला असे दोन्ही पुठ्ठे तिला पिवळेच दिसतात. कॉमिकसाठीच्या पुठ्ठ्याची एक बाजू गुळगुळीत असते, ती अंकाकडे करायची.

मग डबा: कडेला रबर असलेला स्वयंपाकघरातला मोठा पॉलिप्रॉपिलिनचा डबा, पाच ते सात लिटरचा, अंक आडवा मावेल असा. आत ५० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल कापडी पिशवीत, अंकाला न टेकता, आणि तुमचा मापक. शिवाय झेरॉक्सच्या कोऱ्या कागदांची पाऊण इंची थप्पी अंकाखाली. ही थप्पी ओल हळूहळू घेते-सोडते, त्यामुळे डबा उघडल्यावर आतली आर्द्रता एकदम उडी मारत नाही. ती कोरड्या दिवशीच आत घाला. सिलिका हिरवी झाली की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास. तव्यावर भाजू नका, खालचे मणी करपतात आणि पुन्हा रंग बदलत नाहीत. मापक ४०च्या खाली गेला तर निम्मी सिलिका काढून घ्या. जास्त कोरडं म्हणजे जास्त सुरक्षित असं नाही, न्यूजप्रिंट कुरकुरीत होतो.

डबा लोखंडी कपाटात मधल्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं दूर. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, ती बाहेरची भिंत टाळा. पंचवटीत किंवा सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला तळमजल्यावर राहत असाल तर अंक तिथे ठेवूच नका. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे पूर मोजायच्या आपल्या खुणेच्या, कंबरेला पाणी लागलं की त्या गल्ल्यांत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

खिळेजुळणी

+१. एकच भर. पिशवीच्या झडपेला चिकटपट्टी असेल तर ती पुठ्ठ्याच्या मागे दुमडून पिशवीच्या पाठीवरच चिकटवा, आणि अंक बाहेर काढताना पट्टी आधी पूर्ण मागे वळवून घ्या. नाहीतर कव्हरची कड त्या पट्टीला लागते आणि रंगाचा पापुद्रा निघून येतो. सुस्थितीतल्या अंकांचं सर्वाधिक नुकसान वाचायला काढतानाच होतं.

गोदाकाठचा_वाचक

फुगे भिंगाखाली पाहिले: आत नुसते तंतू, ठिपके नाहीत. शर्टावर पिवळ्या थरावर निळ्या ठिपक्यांच्या ओळी स्वच्छ दिसतात. ३२ पानं पूर्ण आहेत, मधला कागद जागेवर आहे. म्हणजे अस्सलच.

दोन गोष्टी राहिल्या. कण्यावर वरच्या बाजूला कुणीतरी जुनी सेलोटेप लावली आहे, ती पिवळी आणि एका कडेला चिकट झाली आहे. आणि गंजलेल्या पिना काढून नव्या माराव्यात का? मागच्या कव्हरवर किमतीचा एक रबरी शिक्काही आहे, तो पुसता येईल का?

कोरडी_हवा

शिक्का राहू द्या. पुसायला गेलात तर कव्हरची चकाकी जाईल, आणि तो अंक कुठून कुठे आला याची तेवढीच एक खूण आहे.

सेलोटेप ओढू नका. खालची शाई तिच्याबरोबर येते. थिनर किंवा पेट्रोल लावलंत तर छपाईची शाई विरघळून पसरते. हेअर ड्रायरने ढिली होते असं सांगतात. पण जुना डिंक एकदा कागदात उतरला की वरची पट्टी निघते आणि पिवळा डाग तसाच राहतो. चिकट झालेली कड पिशवीला लागू नये म्हणून स्टिकरच्या मागचा जो गुळगुळीत कागद आपण फेकून देतो, त्याची एक पट्टी कापून त्या जागेवर नुसती ठेवा. नवीन फाटलेलं काही असेल तर टेपने जोडू नका. जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ लागते, आणि त्या कामाला सवयीचा हातच हवा.

जुनी_पानं

पिनांना हात लावू नका. मूळ पिना बदलल्या की जाणकार त्या अंकाला दुरुस्त केलेला अंक म्हणतात, आणि मग एरवीच्या स्थितीचा विचारच होत नाही. गंज पुढे जायला ओल लागते. डबा ५०च्या आसपास राहिला तर तो आहे तिथेच थांबेल. फक्त पिनेभोवती कागद तपकिरी होऊन कुजलेला असेल तर अंक पूर्ण १८० अंशांत उघडून टेबलावर सपाट करू नका. ९० अंशांपर्यंतच उघडा आणि दोन्ही बाजूंना पुस्तकांचा आधार द्या. पिनेचं भोक कागदात फाटतं ते सपाट उघडतानाच, आणि आधी जातो तो मधला कागद.

वाचण्यासाठी एकदा फोनवर पानापानाचे फोटो काढून ठेवा, फ्लॅश बंद करून, खिडकीच्या आडव्या उजेडात. डबा पहिल्यांदा पंधरा दिवसांनी उघडा, मापक बघा, सिलिकाचा रंग बघा, बंद करा. पावसाळाभर एवढंच. अंक बाहेर काढायचा तो दसऱ्यानंतर.